आलदहळ्ळीचा कप्पा

वांग्याचं नाव मादप्पाला आठवलं नाही, तिथून हे सगळं सुरू झालं. म्हणजे सुरू फार आधीच झालं होतं; पण आपलं घर पेटलंय हे माणसाला शेजारी ओरडल्यावरच कळतं. मैसूरच्या मोठ्या मंडईत, गुरुवारी सकाळी, रोजच्याच म्हातारीसमोर तो उभा राहिला, बोट दाखवलं, तोंड उघडलं आणि तोंडात काहीच नव्हतं. वस्तू दिसत होती. देठाचा काटा बोटाला टोचतो हे ठाऊक होतं, तायम्मा त्यात भाजलेलं खोबरं वाटून घालते हेही ठाऊक होतं. फक्त नाव जिथं असायचं तिथं भोक होतं, पडलेल्या दाताच्या जागी असतं तसं, आणि जीभ पुन्हापुन्हा तिथंच जात होती. “काय स्वामी,” म्हातारी म्हणाली, “नव्या नवरीगत नाव घ्यायला लाजताय होय? घ्या की, मी कुणाला सांगत नाही!” शेजारचा केळीवाला फिदीफिदी हसला. “अर्धा किलो दे,” मादप्पा म्हणाला. “कशाचं?” म्हातारीनं विचारलं. छळत होती सटवी. मादप्पानं पिशवी झटकली आणि तिच्या सात पिढ्यांना मनातल्या मनात शिव्या घालत तो निघाला. शिव्या मात्र सगळ्या आठवत होत्या, एकही गळली नव्हती. चौकात पोचल्यावर शब्द आपोआप आला, ‘वांगं’, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा निर्लज्ज, हात हलवत. मादप्पा रस्त्याच्या मधोमध थांबून मोठ्यानं म्हणाला, “वांगं!” आणि एक टांगेवाला त्याला घोड्याच्या आईवरून काहीतरी बोलला.

आता हा माणूस कोण हे कळल्याशिवाय त्या भोकाची खोली कळायची नाही. मादप्पा रेल्वे टपाल कचेरीत सॉर्टर, पत्रं गावागणिक छाटणारा. अठ्ठावीस वर्षं लाकडी कप्प्यांच्या भिंतीसमोर उभा राहून तो पत्रं फेकत आला होता. मैसूर भागातली सतराशे चाळीस गावं त्याच्या डोक्यात होती. कुठलं गाव कुठल्या टपालात जातं, पावसाळ्यात कुठला ओढा भरला की कुठलं पत्र कुठून वळवायचं, सगळं. त्याच्याबद्दल कचेरीत गोष्टी सांगत. एकदा म्हणे एक पत्र आलं, पत्ता एवढाच: ‘एका शिंगाच्या म्हशीचं घर, चिंचेच्या पुढे.’ मादप्पानं ते न थांबता हेड्याळ्याच्या कप्प्यात भिरकावलं, आणि पत्र पोचलं. म्हैस मेली होती, तरी पोचलं. खरंखोटं नंजुंडेश्वर जाणे, पण मादप्पानं ही गोष्ट कधी नाकारली नाही. पत्ता तो वाचायचाच नाही, असं तो सांगे. अक्षर डोळ्यात शिरायच्या आधी हात सुटलेला असायचा. डोळा, नाव, हात, कप्पा. मध्ये कुणी उभा नसायचा, मादप्पाही नाही. आणि म्हणूनच त्याला श्रीकंठय्याचा तिटकारा होता. श्रीकंठय्या शेजारच्या भिंतीवर काम करी, आकड्यांवर. पत्त्याखाली सहा आकडे लिहायचा सरकारी नियम आल्यापासून हा इसम गावाचं नाव बघायचासुद्धा नाही. आकडा बघायचा, फेकायचा, आणि मधूनच वाकून तपकीर ओढायचा. “गावाला आकडा लावतात?” मादप्पा विचारी. “तुझ्या बायकोला काय आकड्यानं हाक मारतोस?” श्रीकंठय्या नाक पुसत म्हणे, “मारली असती अण्णा, पण मोजायला एकच आहे. तुमच्या आलदहळ्ळीसारखी.” हा टोला जुना होता. आलदहळ्ळी हे मादप्पाचं गाव. दिवसाला सहा पत्रं, त्यातली दोन सावकाराची. एवढ्याशा गावाला वेगळा कप्पा कधीच मिळाला नसता. पण वीस वर्षांपूर्वी मादप्पानं तिथं रेशमाच्या कोशांचा बाजार भरतो, व्यापाऱ्यांची पत्रं येतात, अशी लोणकढी थाप मारून, तीन अर्ज करून, एका इन्स्पेक्टरला मधाची बाटली देऊन तो कप्पा मिळवला होता. उजवीकडे, खांद्याच्या उंचीवर, सगळ्यात सोयीच्या जागी. बाजार कधी भरला नाही. कप्पा राहिला.

वांग्याच्या त्याच आठवड्यात, शुक्रवारी, त्याच्या खांद्यावर कुणीतरी थापटलं. समोर श्रीकंठय्या होता आणि त्याच्या हातात वीसेक पत्रांचा गठ्ठा. “अण्णा, हुणसूर, बन्नूर, गुंडलुपेट, सरगूर,” तो एकेक वाचत गेला, “सगळी एकाच कप्प्यात. आलदहळ्ळीत आज काय लग्न आहे का कुणाचं?” मादप्पाला आठवत होतं की त्यानं नुकताच एक गठ्ठा उचलला होता. पुढचं नव्हतं. सिनेमाची रिळं बदलताना पडदा पांढरा होतो आणि पुढं पाहावं तर नायकाला दाढी आलेली, तसं. मधलं कुणीतरी कापून नेलं होतं, आणि ज्यानं नेलं तो आता तपकीर ओढत समोर उभा होता, अशी मादप्पाची खात्री झाली. “तू टाकलीस,” तो म्हणाला. “मी?” “तूच. वीस वर्षं जळतोयस.” श्रीकंठय्या सरळ वासुदेवमूर्ती साहेबांकडे गेला, आणि साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून दोन गोष्टी सांगितल्या: एक, मेंदूच्या दवाखान्यात जाऊन या; दोन, दिवाळीत, नरकचतुर्दशीला अकरा वाजता, तुमची छाटणीची परीक्षा. दोनशे कार्डं, वरती फक्त गावांची नावं. पाचांहून जास्त चुकली तर कप्प्यांपुढून उठायचं आणि थैल्या शिवायला बसायचं. “सणाच्या दिवशी, साहेब?” “टपालाला सण नसतो, मादप्पा. हे तुम्हीच मला शिकवलंत.”

दवाखान्यातली डॉक्टरीण मंड्याकडची होती, ऊसतोड्यांसारखी सपासप बोलणारी. तिनं त्याच्या डोक्याला तारा चिकटवल्या, यंत्राकडून कागदावर काट्यांच्या रेघा ओढून घेतल्या, मग चित्रं दाखवली. गाय. कुलूप. छत्री. चौथ्या चित्रावर तो अडकला. “केसांचं ते,” तो म्हणाला. “कसलं ते?” “दात असलेलं.” “नाव, नाव.” “तुमच्या डोक्यात फिरवलं असतंत तर मला विचारायची वेळ आली नसती,” मादप्पा म्हणाला, आणि डॉक्टरीण चक्क हसली, केसांवरून हात फिरवून तिनं कागदावर काहीतरी खरडलं. त्या खरडण्याचा त्याला फार राग आला. मग तिनं विचारलं, डोक्यावरून आंघोळ कशी करता? असला प्रश्न! त्यानं सांगितलं, सगळे करतात तशी. शनिवारी तेल, हंड्यात कढत पाणी, तांब्यामागून तांब्या, डोक्यावर, भरभर. “वाफा येतात?” “नाहीतर काय आंघोळ?” “आणि तिसऱ्याचौथ्या तांब्याला काय होतं?” पन्नास वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. आपल्या खाजगी देवघराचं दार एखाद्या बाईनं पायानं ढकलावं तसं त्याला झालं.

कारण तिसऱ्याचौथ्या तांब्याला जे होई ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आधी पोटातून एक ऊन लाट वर चढे, भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास येई, आणि मग सगळं लागे. हाच शब्द त्याच्याकडे होता, ‘लागे’, सनईवाल्यांचा सूर लागतो तसं. सतराशे चाळीस गावं एकदम उजळत. प्रत्येक गावातून प्रत्येक गावात वाट जाई, प्रत्येक वाटेवर माणूस चालत असे, आणि त्या सगळ्या माणसांना मादप्पा नावानिशी ओळखत असे. काही हरवलेलं नसे, काही चुकीचं पडलेलं नसे. शब्दही लागत नसत. एवढं मोठं राज्य मैसूरच्या महाराजांनाही नव्हतं, आणि तेही दर शनिवारी, फुकट. मग काळोख. मग तायम्मा टॉवेलनं पाठ पुसत असे. हे पहिल्यांदा झालं तेव्हा तो सहा वर्षांचा होता, आलदहळ्ळीत, मागच्या पडवीत. अप्पा, त्याचा बाप, पाणी ओतत होता. अप्पाच्या हाताला मोजमाप नव्हतं. त्याचं प्रेम असो की मार, दोन्हींतून फोडच यायचे. पोर डोळे फिरवून दगडावर कलंडलं तेव्हा अप्पा म्हणाला, वारं शिरलंय, भूतबाधेचं वारं, आणि वाऱ्यावर औषध एकच: आणखी कढत. अव्वा, त्याची आई, ओरडत राहिली, अप्पा ओतत राहिला, आणि भूत खरंच निघून गेलं असं सगळ्या गावानं मानलं, कारण पोर शेवटी हसलं. दर वेळी तसंच. पडलं की ओत. गल्लीतल्या आणखी दोन पोरांनाही तेच व्हायचं, त्यांच्यावरही तेच ओतायचे. आलदहळ्ळीत याला कुणी आजार म्हटलं नाही, ‘पाण्याचं वारं’ म्हणत, जसं कुणाला आंब्याचं गळू होतं. डॉक्टरणीनं हे सगळं त्याच्याकडून खोदून खोदून काढून घेतलं. “तुमच्या वडलांनी आगीवर तेल ओतलं,” ती म्हणाली, आणि मादप्पाला वाटलं उठून तिच्या कानाखाली द्यावी. अप्पाला शिव्या द्यायचा हक्क फक्त त्याचा होता, तो त्यानं चाळीस वर्षं मन लावून बजावला होता.

तिनं मग कागदावर गाव काढलं. गल्ल्या, चौक, पार. “हा तुमचा मेंदू. एरवी प्रत्येक गल्लीत माणसं आपापल्यात बोलतात, गरज पडली की शेजारच्या गल्लीत निरोप धाडतात. नाव इकडे, चेहरा तिकडे, हात पलीकडे. निरोप पोचला की तुम्ही म्हणता, वांगं. फिट येते तेव्हा एका गल्लीतलं पोरगं ओरडतं आणि सगळं गाव एका सुरात तेच ओरडायला लागतं. तुम्हाला वाटतं जत्रा भरली, सगळे भेटले. जत्रा नाही ती, दंगल आहे. आणि दंगलीनंतर दर वेळी दोनचार पायवाटा मोडतात. माणसं आहेत हो घरात, मादप्पा. वाट राहत नाही.” “मग दुरुस्त करा.” “मोडायची तेवढी थांबवता येईल. आता फिट पाण्याची वाटही बघत नाही, आपली आपण येते, कचेरीत आली तशी. डोक्यावर कढत पाणी बंद, ओला टॉवेल फिरवा. आणि ही गोळी रोज, चुकवायची नाही.” “टॉवेलानं पुसायला मी काय केळीचं पान आहे?” “नाही,” ती म्हणाली, “केळीचं पान पुसल्यावर त्यावर वाढता तरी येतं.” मादप्पानं तिची चिठ्ठी दवाखान्याच्या पायरीवर फाडली. पण तायम्मा मागून येत होती, आणि तायम्मानं तुकडे वेचले.

त्या दिवसापासून घरात युद्ध. तायम्मा बोलायची नाही, हे तिचं शस्त्र. गोळी भाताच्या पहिल्या घासात दडवायची. तो दातांत धरून ताटाच्या कडेला थुंकायचा. शनिवारी हंडा खळखळायचा, वाफेनं न्हाणीघर भरायचं, मादप्पा पाटावर बसायचा, तायम्मा मागून ओतायची, पहिला तांब्या, दुसरा, पाचवा, नववा, आणि काहीच नाही. नुसता ओला म्हातारा पाटावर. तीन शनिवार असे गेले. त्याला वाटलं ते राज्य आपल्याला विटलं. चौथ्या शनिवारी त्यानं एकदम हात मागे घालून तांब्या पकडला. पाणी कोमट होतं. तिच्या पाठीशी, लुगड्याच्या आडोशाला, गार पाण्याची बादली होती. “चोर!” तो ओरडला. “स्वतःच्या नवऱ्याचं पाणी चोरतेस?” “तुमच्या डोक्यात वणवा लागतो आणि मी लाकडं घालू?” “सव्वीस वर्षं घातलीस ती?” हे वाक्य बरोबर जागी लागलं. तायम्मा बादलीच्या काठावर बसली. तिच्या हातातला तांब्या ठिबकत होता. “सव्वीस वर्षं,” ती म्हणाली, “तुम्ही माझ्याकडे बघून फक्त इथंच हसलात. एरवी या तोंडावर हसू मी पाहिलं नाही, पोरींच्या बारशाला नाही, लग्नाला नाही. शनिवार आला की मला वाटायचं, बोलत नाही माणूस, पण आहे त्याच्या मनात. म्हणून मी पाणी जास्त कढत करायची. परवा त्या बाईला विचारलं, तर ती म्हणते ते हसू नव्हतंच. नुसता स्नायू ओढला जातो म्हणे.” काहीतरी बोलायला हवं होतं, आणि शब्द हरवलेला नव्हता, समोर उभा होता, हात लांब केला असता तर आला असता. “डॉक्टरीण बरोबर सांगते,” तो म्हणाला. “तुझ्यासाठी नव्हतं ते.” आणि उठून अंग पुसायला लागला. एवढं विषारी समाधान त्याला बऱ्याच दिवसांत लाभलं नव्हतं. रात्रीपर्यंत टिकलंसुद्धा नाही.

दिवाळी जवळ आली तशी नावं भराभर गळायला लागली. नंजनगूडच्या पुढचं स्टेशन. धाकट्या जावयाचं नाव. कप्प्यांपुढे आता तो गावाच्या नावाच्या पट्टीवरची अक्षरं वाचून पत्र टाकायचा, चोरून, ओठ न हलवता, नव्या उमेदवारासारखा, आणि श्रीकंठय्या ते बघत नाही असं दाखवत बघायचा. एकदा म्हणाला, “अण्णा, आकडे शिकवू का? सहाच असतात.” मादप्पानं त्याच्या तपकिरीच्या डबीत चिमूटभर मिरपूड मिसळली, आणि तो अर्धा तास शिंकला. तेवढंच सुख. पण उभ्या उभ्या त्याला एक हिशेब सुचला होता, आणि तो त्याला इतका सरळ वाटत होता की डॉक्टरणीच्या मूर्खपणाची कीव यावी. गावं हरवली नाहीत, वाटा मोडल्यात, हे तीच म्हणाली. पण चौथ्या तांब्याला तर सगळ्या वाटा खुल्या असतात! मग परीक्षेच्या वेळी डोकं तिथंच नेऊन उभं करायचं, उंबऱ्यावर, काळोखाच्या अलीकडे. तिथून दोनशे काय, सतराशे चाळीस कार्डं डोळे मिटून फेकीन. साहेबांचं तोंड बघण्यासारखं होईल. गोळीनं हे सगळं गाव विझवायचं आणि मग थैल्या शिवत जगायचं? त्यापेक्षा दंगल बरी.

पाणी भरायच्या सणाला, नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी, तायम्मानं हंडा चिंचेनं घासून आरशासारखा केला, त्याला चुन्याची बोटं ओढली, गळ्यात रानवेल बांधली, विहिरीचं नवं पाणी भरलं. सकाळी मादप्पाला पाटावर बसवून तेल लावलं, जोर लावून, टाळू दाबून, न बोलता. मग पहिला तांब्या. कोमट. सणाच्या दिवशी, वेल बांधलेल्या हंड्यातलं, कोमट! “आज तरी नको,” तायम्मा म्हणाली. “आज परीक्षा आहे तुमची. आज नका जाऊ तिकडे.” तिनं पदराची गाठ सोडली, गुळाच्या खड्यात खुपसलेली गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. मादप्पानं ती सदऱ्याच्या खिशात टाकली, तेलकट डोक्यावर तसाच पंचा गुंडाळला आणि निघाला. “डोक्यावर तेल घेऊन कुठं निघालात सणाचे? भुतं लागतील!” “लागलीच आहेत,” तो म्हणाला. “घरातच होती.”

टपाल कचेरीच्या मागे रात्रपाळीवाल्यांची विश्रांतीची खोली, तिथं मुनिया पहारेकरी बाराही महिने हंडा तापवत बसलेला. “वा, मादप्पण्णा, आज आमच्याकडे?” “बायको गार आहे.” “सगळ्यांच्याच असतात, म्हणून तर सरकारनं मला ठेवलाय,” मुनिया म्हणाला आणि लाकडं आत सारली. पाणी असं होतं की तांब्या धरवेना. पहिल्याला टाळूवरचं तेल हुळहुळलं. दुसऱ्याला कान गेले. तिसऱ्याला लाट पोटातून निघाली, शेंगदाणे भाजू लागले, आणि इथं थांबायचं होतं, हाच तर बेत होता. पण तीस दिवसांच्या उपाशी माणसाला चौथ्या घासावर थांब म्हणून कोण सांगणार? चौथा, पाचवा. गावं पेटत गेली. सहावा. भिंतीला धरून तो उभा राहिला, सदरा चढवला, उलटा, आणि चालत निघाला. पडला नाही, हे त्याला फार मोठं वाटलं. अप्पा, बघ, पडलो नाही.

साहेब घड्याळ घेऊन बसले होते. श्रीकंठय्या साक्षीदार म्हणून शेजारी, नव्या धोतरात. केसांतून पाणी निथळत मादप्पा आपल्या भिंतीपुढे उभा राहिला, आणि दिसलं की सगळं लागलंय. कप्पे उरले नव्हते, दिवे होते. पहिलं कार्ड हातात आलं, हुल्लहळ्ळी, आणि हुल्लहळ्ळीतला न्हावी दारात उभा राहून त्याला नमस्कार करत होता. गेलं. बेगूर. गेलं. तगडूर, बन्नूर, मग नावंही थांबली, नावांची गरज कुणाला, डोळा, हात, कप्पा, डोळा, हात, मध्ये कुणी नाही, अठ्ठावीस वर्षांत एवढं शुद्ध फेकणं झालं नव्हतं. प्रत्येक कार्ड घरी जात होतं. सगळी माणसं दारात येऊन घेत होती. पडवीतून अप्पा ओतत होता आणि पाणी मुळीच भाजत नव्हतं. मग थोडा काळोख आला, आणि काळोखातही हात चालू होता.

“मादप्पा.” साहेबांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. “मादप्पा, बस्स. कार्डं संपली.” हात अजून फेकत होता, रिकामा. कुणीतरी तो धरून खाली आणला. भिंत पुन्हा लाकडाची झाली होती. सगळे कप्पे मोकळे होते, वरपासून खालपर्यंत, धुऊन ठेवल्यासारखे. फक्त उजवीकडचा, खांद्याच्या उंचीवरचा एक, ओसंडून वाहत होता, आणि त्यात न मावलेली कार्डं खाली पसरली होती. साहेब मोजत नव्हते. त्यांनी कागदावर एकच आकडा लिहिला, टोपण लावलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मादप्पाला मात्र आतून पक्कं ठाऊक होतं की एकही चुकलेलं नाही. एकही नाही. ही माणसं बघत होती तेच चुकीचं होतं, आणि त्याला त्या दोघांचा, लाकडाचा, खिडकीतल्या उन्हाचा मनापासून द्वेष वाटला. त्यानं त्या भरलेल्या कप्प्यावरच्या पट्टीकडे पाहिलं. अक्षरं होती, काळी, ओळखीची, कुणाच्यातरी वळणाची, आणि ती नुसती उभी होती.

“हे काय लिहिलंय?” त्यानं विचारलं.

श्रीकंठय्या वीस वर्षं या घटकेची वाट बघत होता. त्यानं डबी उघडली, मिटली. “ढोंग करू नको,” तो म्हणाला.

“वाच ना रे. काय आहे?”

“आलदहळ्ळी, बैला,” श्रीकंठय्या म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. “तुझंच गाव. तूच लिहिलंयस ते.”

मादप्पानं ते नाव तोंडात घेऊन पाहिलं. चव लागली नाही. केसांतला एक कढत थेंब कानामागून मानेवर उतरला, पोटातली लाट जाताजाता एकदा मागे वळली, आणि मादप्पाचं तोंड हळूहळू उजळलं. तायम्मानं सव्वीस वर्षं ज्यासाठी लाकडं घातली ते हसू, सगळंच्या सगळं, न राखता, तो श्रीकंठय्याकडे बघून हसला. आणि श्रीकंठय्या, कुणी आपलं नाव नसलेलं पत्र हातात कोंबावं तसा, मागे सरत सरत भिंतीला टेकला.